अकरा सेकंदांचं कॉलेज

"पावणेसात म्हणजे पावणेसात. एक मिनिट उशीर झाला तर मी एकटा जाईन," असं उन्मेषने आदल्या संध्याकाळी बजावलं होतं. आणि बुधवारी सकाळी महाराज स्वतःच सात वाजता डोळे चोळत सोसायटीच्या फाटकाशी उगवले. इरा आणि सानवी तोवर सायकली धरून कंटाळल्या होत्या. मे महिन्याच्या सुट्टीत इतक्या पहाटे उठायचं हा तिघांच्याही मते शुद्ध अन्याय होता. पण कामच तसं होतं. इराच्या ताईचं कॉलेज वाचवायचं होतं.

इरा तेरा वर्षांची. उन्मेष आणि सानवी तिच्याच सोसायटीतले, तिच्याच वर्गातले. उन्मेषच्या डोक्यात मिनिटाला एक युक्ती यायची आणि त्यातली एखादीच कामाची असायची. ती कोणती, हे सानवी ओळखायची. इरा या दोघांची पुढारी होती, म्हणजे निदान तिला स्वतःला तसं वाटायचं.

इराची ताई यशश्री नुकतीच बारावी झाली होती. चौथीत असताना आलेल्या तापात तिचा डावा कान गेला, आणि त्या कानाला यंत्राचाही उपयोग नव्हता. बारावीच्या क्लासमध्ये दोनशे मुलं आणि माइकचा घुमणारा आवाज. त्यातलं तिला निम्मंही कळत नसे. पोरीने पुस्तकं उराशी धरून एक्याऐंशी टक्के मिळवले होते. आता तिला रसायनशास्त्र शिकायचं होतं, आणि ते सुभानपुऱ्याच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या एका दुमजली, इवल्याशा कॉलेजातच. एका वर्गात तीस मुलं. तिथे रसायनशास्त्र शिकवणाऱ्या शैलाबेन पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, "मग तू खिडकीजवळच्या बाकावर बस. मी तुझ्या उजव्या बाजूला उभी राहून शिकवत जाईन." ताईने त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं होतं.

आणि सोमवारी संध्याकाळी तो व्हिडिओ आला. बाबा नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात कामाला होते. तिथल्या कोणीतरी तो त्यांना पाठवला. "चकोर नजर" नावाच्या ऑनलाइन बातम्यांच्या चॅनेलवर जॅकेट घातलेला एक माणूस गुजरातीत तावातावाने सांगत होता, की या कॉलेजात ना मुलं आहेत ना मास्तर, भर दिवसा वर्गात कुत्रा झोपलेला असतो. मागे रिकाम्या बाकांची चित्रं येत होती, लाल अक्षरं नाचत होती आणि धडधडणारं संगीत वाजत होतं. पंच्याऐंशी हजार लोकांनी तो पाहिला होता. इराला बाबांच्या खांद्यावरून फक्त जॅकेट आणि लाल अक्षरं दिसली. तेवढ्यात बाबांनी फोन खिशात टाकला आणि ताईला सांगितलं, की आता मोठ्या कॉलेजातच नाव घालायचं. ताई ताटावरून उठून गेली.

म्हणून ही स्वारी, आणि ऊन तापायच्या आत परतायचं म्हणून पहाटेची. तिघं कॉलेजच्या फाटकाशी पोचली आणि चक्रावून उभीच राहिली. आवारात सायकली आणि स्कूटर्स दाटीवाटीने लावलेल्या होत्या. भिंतीवरच्या खुंट्यांना हेल्मेटं लटकत होती. डाव्या बाजूच्या जिन्याने वर गेल्यावर पहिल्याच खोलीत तीसच्या तीस बाकांवर मुलं-मुली बसलेली. काहींच्या अंगावर कारखान्याचे निळे गणवेश, पायात जाडजूड बूट. फळ्याशी शैलाबेन उभ्या होत्या.

वर्ग सुटल्यावर कांचन नावाच्या एका मुलीने त्यांना सगळं समजावलं. ती गोरव्याच्या एका इंजिनीअरिंग युनिटमध्ये माल तपासायचं काम करायची. तिची पाळी दर आठवड्याला बदलते. दुपारची असली की ती सकाळी सातला कॉलेजात येते, सकाळची असली की संध्याकाळी पाचला. शैलाबेन आणि बाकीचे शिक्षक तोच धडा दिवसातून दोनदा शिकवतात. सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच वर्गांत चिटपाखरू नसतं, कारण तेव्हा मुलं कामावर असतात.

"मोठ्या कॉलेजात मला कोण विचारणार, की बेन, तुमची पाळी कुठली?" कांचन हसून म्हणाली. "इथे मी दोन दिवस नाही आले तर फोन येतो घरी."

झालं तर मग. कोडं सुटलं होतं! व्हिडिओ बरोबर अशा वेळी काढला होता, जेव्हा कॉलेज रिकामंच असतं. तिघं सायकली हाणत घरी आली ती जग जिंकल्याच्या थाटात. पण मोठ्या माणसांचं असं असतं, की एकदा डोक्यात बसलेली गोष्ट ती सहजासहजी उठू देत नाहीत. बाबा चार वाजता कामावरून दमून आले, त्यांनी चहा घेता घेता सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. सकाळी सकाळी काही मुलं जमलेली दिसली म्हणून काय झालं, व्हिडिओही कुणीतरी डोळ्यांनी पाहूनच काढला असेल ना, असं त्यांचं म्हणणं. ताईने हळूच सांगून पाहिलं, की त्यांनी एकदा स्वतः येऊन बघावं.

"हे बघ यशू," बाबा म्हणाले, "तुझ्या आयुष्याचा प्रश्न आहे. तो व्हिडिओ ज्याने काढलाय त्यानेच समोर येऊन सांगू दे, कुठल्या दिवशी काढला आणि किती वाजता. मग मी मानेन. नाहीतर शनिवारी सकाळी आपण मोठ्या कॉलेजात कागद देऊन टाकू."

शैलाबेननी ताईची जागा शनिवारी एक वाजेपर्यंत राखून ठेवली होती. म्हणजे तीन दिवस हातात होते. तो व्हिडिओ काढणारा शोधून काढायचाच, असं इराने छातीवर हात ठेवून ताईला सांगितलं. ताईने तिच्या केसांतून हात फिरवला. तो हात इराला पुढे फार दिवस आठवत राहिला.

गुरुवारी दुपारी तिघं सानवीच्या घरी बसली. तिची आई घरातल्या एका खोलीत शिकवण्या घ्यायची. सुट्टीमुळे ती खोली मोकळी होती; चार बाक, एक फळा आणि पंखा. सानवीने आईच्या मोठ्या टॅबवर तो व्हिडिओ लावला आणि संगीत बंद केलं. आवाज गेल्याबरोबर तो एकदम बापुडवाणा दिसायला लागला. दोन मिनिटांच्या व्हिडिओत कॉलेजचं चित्रण होतं फक्त अकरा सेकंदांचं. तेच तुकडे सात वेळा फिरवून फिरवून दाखवले होते.

सानवीने मग एक गोष्ट पकडली. व्हिडिओत जिना उजवीकडे होता. आणि ती तिघं तर काल डावीकडच्या जिन्याने वर गेली होती.

"उलटवलाय," उन्मेष बाकावर थाप मारून म्हणाला. "दुसऱ्याचा व्हिडिओ उचलतात ना, तेव्हा आरशातल्यासारखा फिरवून टाकतात. मग साइटलाही पत्ता लागत नाही आणि मूळ मालकालाही."

सानवीने तो पुन्हा सुलटा केला. रिकामी खोली. बाकाखाली झोपलेला तांबडा कुत्रा. आणि अगदी शेवटच्या सेकंदाला, खाली कोपऱ्यात, चित्रण करणाऱ्याच्या सँडलचं टोक. पिवळा पट्टा, त्यावर प्लॅस्टिकचं फूल, फुलाची एक पाकळी तुटलेली.

इराने झटकन दाराकडे पाहिलं. तो सँडल या क्षणी सानवीच्या दाराबाहेर पायरीवर पडला होता.

आता सगळं लख्ख आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी ती ताईबरोबर कॉलेजचा फॉर्म आणायला गेली होती, सकाळी साडेअकराच्या सुमाराला. ताई खाली शैलाबेनशी बोलत होती आणि इरा कंटाळून वर हिंडत होती. वर्गातल्या सगळ्यांची भावंडं मोठमोठ्या कमानींच्या कॉलेजात जाणार होती, आणि आपली ताई या काडेपेटीत; इराला तेव्हा लाज वाटली होती. तिने फोन काढून चित्रण केलं आणि खाली लिहून टाकलं, "माझ्या ताईला इथे शिकायचंय. इथे तर कुत्रा पण झोपा काढतो." सगळ्या जगाला दिसेल असं ते तिने टाकलं. एकोणीस जणांना आवडलं. सुट्टीत ती असे पन्नास-साठ व्हिडिओ टाकायची, त्यातलाच तो एक. संध्याकाळपर्यंत ती विसरूनही गेली होती.

जगभर चोर शोधत फिरावं आणि चोर आपल्याच चपलेत निघावा, असं झालं. "काय गं, काही ओळखीचं दिसतंय का?" सानवीने विचारलं. इरा म्हणाली, "नाही, काही कळत नाहीये." डोकं दुखतंय असं सांगून ती सगळ्यांच्या आधी उठली. सँडल पायात न घालता हातात धरून ती पळत घरी गेली, ते पलंगाखाली पार आत ढकलले आणि फोनवरून तो मूळ व्हिडिओ पुसून टाकला. मग पुसल्याबद्दल तिला आणखी भीती वाटली.

बाबा स्वयंपाकघरात आईशी बोलत होते. इरा दारात जाऊन उभी राहिली. एकच वाक्य बोलायचं होतं. बाबा, तो मी काढला, साडेअकरा वाजता. बाबांनी मागे वळून विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "पाणी हवं होतं."

शुक्रवारी उन्मेषची एक युक्ती कामाची निघाली. मूळ माणूस सापडत नाही ना, मग चॅनेलवाले काहीच तपासत नाहीत हेच सिद्ध करायचं. शिकवणीच्या खोलीचा व्हिडिओ काढायचा आणि त्याच कॉलेजचा म्हणून त्यांना द्यायचा. इराने ही युक्ती दोन्ही हातांनी उचलून धरली. इतक्या उत्साहाने, की सानवीने जरा चमकून तिच्याकडे पाहिलं. इराला वाटलं, आपलं नाव न घेता काम होतंय. ताईचं कॉलेजही वाचेल आणि आपली अब्रूही. या विचाराची लाज तिला तेव्हाही वाटत होती, नाही असं नाही.

खरी कमाल सानवीची. चॅनेलच्या इतर व्हिडिओंतही दुकानांच्या पाट्या उलट्याच होत्या, म्हणजे तो सगळेच व्हिडिओ फिरवतो; मग फळ्यावर आपणच उलटं लिहू, म्हणजे त्याने फिरवलं की ते सुलटं होईल. हातआरसा समोर धरून तिने तासभर सराव केला आणि फळ्याच्या कोपऱ्यात उलट्या गुजराती अक्षरांत लिहिलं, "आ विडियो कोईए तपास्यो नथी." हा व्हिडिओ कुणीही तपासलेला नाही. नुसतं पाहिलं तर कुणी खडू गिरगटलाय असंच वाटत होतं.

"चकोर नजर"चं ऑफिस गोरव्यात, एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या माळ्यावर होतं. टीव्हीवरच्या चॅनेलसारखं काहीच नव्हतं तिथे. हिरवा पडदा, दोन फोन, आणि मेच्या उकाड्यात ते जॅकेट खुर्चीच्या पाठीला लटकवून शेव-उसळ खात बसलेला तोच माणूस. उन्मेषने भोळाभाबडा चेहरा करून सांगितलं, की काका, त्या कॉलेजचा आणखी एक व्हिडिओ आहे आमच्याकडे.

इरा त्याच्या तोंडाकडे बघत होती. जिना चढताना तिने मनाशी ठरवलं होतं, की याने जर विचारलं, हा कुणी काढला, कधी काढला, तर सगळं सांगून टाकायचं, पहिल्या व्हिडिओचंसुद्धा. इथल्या इथे, सगळ्यांसमोर. तिला ते विचारलं जायला हवं होतं.

त्याने हात पुसून व्हिडिओ आपल्या फोनवर घेतला आणि एकच प्रश्न विचारला. "बीजा कोईने मोकल्यो नथी ने?" दुसऱ्या कुणाला पाठवला नाहीत ना? उन्मेष म्हणाला, नाही. माणूस म्हणाला, "बहु सरस. उद्या टाकतो."

"आजच टाका ना," इरा एकदम बोलली. पण तो परत शेव-उसळीकडे वळला होता.

त्या संध्याकाळी ताई गच्चीवर एकटी बसली होती. इरा तिच्याजवळ जाऊन बसली. ताईने कधी फारसं रडू दाखवलं नव्हतं, पण त्या दिवशी ती इराच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. म्हणाली, की दोनशे मुलांमध्ये पुन्हा तीन वर्षं बसायचं, ओठ हलताना बघत बसायचं आणि सगळे हसले की आपणही हसायचं, हे आता तिच्याने होणार नाही. इराने तिचा हात घट्ट धरून ठेवला. वाक्य ओठांवर आलं होतं. ताईचं रडणं थांबलं की सांगू, असं तिने ठरवलं. रडणं थांबलं आणि ताई डोळे पुसून जरा हसली. मग हसणारीला परत कशाला रडवायचं, असं वाटून इरा पुन्हा गप्प बसली. चूक पुढे ढकलायला माणसाला कारणं कधी कमी पडत नाहीत.

शनिवारी दहा वाजता बाबा आणि ताई निघाले. ताईच्या हातात दाखल्यांची फाइल होती. इराने दारात बाबांना विचारलं, सोमवारी गेलं तर नाही का चालणार. आजचाच शेवटचा दिवस आहे, असं म्हणून बाबांनी स्कूटर सुरू केली. मोठ्या कॉलेजात त्यांनी मूळ दाखला आणि गुणपत्रक जमा केलं. दुपारी एक वाजता शैलाबेननी राखून ठेवलेली जागा यादीतल्या पुढच्या मुलीला दिली.

आणि तीन वाजता "चकोर नजर"वर नवा व्हिडिओ झळकला. "ए ज कॉलेजनो बीजो पुरावो," त्याच कॉलेजचा दुसरा पुरावा, असं जॅकेटवाला ओरडत होता आणि त्याच्या मागे फळ्यावर सुलट, सुवाच्य गुजरातीत झळकत होतं, हा व्हिडिओ कुणीही तपासलेला नाही. तासाभरात लोकांनी हसून हसून त्याची खिल्ली उडवली. खाली शेकडो जणांनी लिहिलं, की मग पहिलाही असाच असणार. उन्मेष सोसायटीच्या आवारात नाचला. सानवीच्या आईने आपला फळा ओळखला आणि आधी रागावली, मग पोट धरून हसली. इरासुद्धा हसली. पण हे सगळं वरातीमागून घोडं होतं, आणि ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाबांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. सोमवारी रजा टाकून ते मोठ्या कॉलेजात दाखला परत मागायला गेले, तर खिडकीमागच्या कारकुनाने सांगितलं, अर्ज करा, पंधरा दिवस लागतील. तिथून ते ताईला आणि या तिघांना घेऊन शैलाबेनकडे गेले. चॅनेलने दोन्ही व्हिडिओ काढून टाकले होते आणि चुकीबद्दल दिलगिरीचा एक छोटा व्हिडिओ टाकला होता. तो आतापर्यंत चारशे बारा लोकांनी पाहिला होता.

शैलाबेननी मुलांचं मनापासून कौतुक केलं. त्या म्हणाल्या, की पंच्याऐंशी हजार मोठ्या माणसांना जे सुचलं नाही ते या तिघांना सुचलं. व्हिडिओ दिसला की आधी आवाज बंद करून बघावा, हे मी माझ्या वर्गातही शिकवीन. कांचनने पेढे आणले होते. बाबांनी इराच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "माझंच चुकलं. मी येऊन बघायला हवं होतं. ही पोर मात्र शेवटपर्यंत झगडली ताईसाठी." इराने हातातला पेढा परत खोक्यात ठेवला. शाबासकी इतकी टोचू शकते, हे तिला त्या दिवशी कळलं.

ताईच्या जागेचं विचारल्यावर शैलाबेननी भरलेली यादी पुढे ठेवली. तीस म्हणजे तीस, एकतिसावा बाक बसतच नव्हता. ज्या मुलीला जागा मिळाली तिनेही काही पाप केलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी बघू, असं त्या म्हणाल्या, पण ते कुणालाच खरं वाटलं नाही.

घरी आल्यावर इराने पलंगाखालून सँडल ओढून काढले आणि ते ताईपुढे ठेवले. आणि सगळं सांगितलं. व्हिडिओ मी काढला. मी लिहिलं कुत्र्याचं. मला गुरुवारीच कळलं होतं.

ताईने सँडल उचलून ती तुटकी पाकळी पाहिली. मग तिने विचारलं, "शुक्रवारी मी तुझ्या खांद्यावर रडत होते, तेव्हा तू काय विचार करत होतीस?"

"तुझं रडणं थांबलं की सांगीन," इरा म्हणाली. खरं तेच होतं, पण बोलल्यावर ते फार वाईट ऐकू आलं.

ताईने तिला मारलं नाही, ती ओरडलीही नाही. बाबांना तूच सांग, एवढंच म्हणाली. इराने त्याच संध्याकाळी बाबांना सांगितलं. उन्मेष आणि सानवीलाही सांगितलं. उन्मेष दोन दिवस बोलला नाही. सानवी म्हणाली, की तिने ती तुटकी पाकळी तेव्हाच ओळखली होती, पण इरा स्वतः सांगेल म्हणून ती थांबली होती. बाबांनी काही शिक्षा केली नाही. आपण दोघांनीही टाळलं, मी जाऊन बघायचं आणि तू सांगायचं, असं ते म्हणाले, आणि त्यामुळे इराला जास्तच रडू आलं.

जूनमध्ये ताईचं कॉलेज सुरू झालं. ती इराशी कामापुरतं बोलायची. पाचव्या दिवशी मात्र कॉलेजातून आल्या आल्या ती चहासुद्धा न घेता इराच्या टेबलापाशी थांबली आणि तिच्यापुढे आपला फोन आणि एक कोरी वही ठेवली. सरांनी शिकवलेलं तिने फोनवर रेकॉर्ड केलं होतं. आवाज इतका घुमत होता, की तिला एक शब्द लागत नव्हता.

"तुला दोन्ही कानांनी ऐकू येतं," ताई म्हणाली. "जे ऐकशील ते लिहून दे."

इराने हेडफोन लावला. पन्नास मिनिटांचं ते बोलणं इंग्रजीतलं, वर रसायनशास्त्राचं. आठवीतल्या मुलीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मागे खुर्च्या सरकत होत्या, मुलं खोकत होती, कुणीतरी कुजबुजत होतं. प्रत्येक वाक्य चार-चार वेळा मागे नेऊन ऐकावं लागे. जे कळलं नाही तिथे तिने जागा सोडली आणि प्रश्नचिन्ह काढलं, स्वतःच्या मनाचं काही घातलं नाही. बाहेर उन्मेष आणि सानवी सायकलींच्या घंटा वाजवत होती. तिने खिडकीतून हात हलवून आज येत नाही असं सांगितलं आणि रेकॉर्डिंग पुन्हा दहा सेकंद मागे नेलं.